अमेरिकेत टीचर व्हायचंय, प्रोग्रॅमला अप्लाय करण्याआधी काय काय ठरवू?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू का नको करत होते, आज शेवटी लिहितेच.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, नऊ वर्षं झाली. माझं एम. एस्सी. केमिस्ट्री भारतात झालंय, त्यानंतर दीड वर्ष एका ज्युनिअर कॉलेजला शिकवलं, मग लग्न, इकडे येणं, एच-फोर (नवऱ्याच्या व्हिसावरचा डिपेंडंट व्हिसा), मुलगी, असं करत करत शिकवणं सुटलं ते सुटलंच. आता मुलगी चौथीत आहे आणि मागच्या उन्हाळ्यात ग्रीन कार्ड आलं. त्या दिवशी नवऱ्याने विचारलं की आता काय करायचंय तुला, तर माझ्या तोंडून पटकन निघालं, शिकवायचंय.

मधल्या काळात मुलीच्या शाळेत सायन्स नाइटला मदत करायला जात होते. गेल्या वेळी जांभळ्या कोबीचा रस घेऊन गेले होते, त्यात लिंबू पिळलं की गुलाबी, बेकिंग सोडा टाकला की निळा-हिरवा. एक मुलगा तीनदा रांगेत उभा राहिला आणि तिसऱ्यांदा मला म्हणाला की दोन्ही एकत्र टाकलं तर परत जांभळा होईल का? मी त्याला काही सांगितलं नाही, फक्त ड्रॉपर हातात दिला. त्याचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे माझ्या.

आता प्रश्न. मी वाचायला बसले की गोंधळतेच. एम. ए. टी. (शिकवण्यातलं मास्टर्स) करायचं, का पोस्ट-बॅक सर्टिफिकेट (डिग्रीनंतरचा टीचरचा कोर्स), का अल्टरनेट रूट (नोकरी करता करता ट्रेनिंग)? मिडल स्कूल का हायस्कूल हे आत्ताच ठरवावं लागतं का? माझी मार्कशीट पर्सेंटेजमध्ये आहे, इथे सगळीकडे थ्री पॉइंट झीरो जी. पी. ए. (चारपैकी सरासरी ग्रेड) मागतात, ते कसं बघतात? रेकमेंडेशन लेटर तीन हवीत, मी चौदा वर्षांपूर्वी शिकले, तेव्हाचे सर रिटायर झाले. आणि एक मनातली भीती, इंटरव्ह्यूत आणि पुढे वर्गात माझे उच्चार मुलांना कळतील का. नवऱ्याची नोकरी बदलली तर दोनेक वर्षांत आम्ही टेक्ससला जाऊ अशीही शक्यता आहे, म्हणजे तेही डोक्यात धरायला हवं.

कुणी या रस्त्याने गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

सातवी_ब

अभिनंदन आधी, ग्रीन कार्डचं आणि ठरवल्याचं पण. मी न्यू जर्सीतच सातवीला गणित शिकवते, एम. ए. टी. करून २०१९ मध्ये लायसन्स घेतलं. तुमचा प्रश्न वाचून मला माझे ते दिवस आठवले म्हणून वेळ काढून लिहितेय, लांब होईल.

सगळ्यात पहिली गोष्ट, इथे टीचरचं लायसन्स राज्याचं असतं, देशाचं नाही. त्यामुळे प्रोग्रॅम निवडायच्या आधी राज्य निवडा. टेक्ससचं खरंच नक्की होत असेल तर थांबा किंवा निदान घरात नीट बोलून घ्या. राज्याराज्यांत लायसन्स मान्य करायचे करार आहेत, पण त्याचा अर्थ तुमचं लायसन्स तिकडे आपोआप चालतं असा नाही, नव्या राज्याच्या परीक्षा किंवा एखाददोन कोर्स वर लागू शकतात. माझ्याबरोबरची एक जण लायसन्स हातात घेऊन दुसऱ्या राज्यात गेली आणि तिथे तिला परत परीक्षेला बसावं लागलं.

मग राज्याच्या शिक्षण खात्याच्या वेबसाइटवर मान्यताप्राप्त प्रोग्रॅमची यादी असते ती काढा. कॉलेजची जाहिरात कितीही छान असो, त्या यादीत तुमच्या विषयासाठी त्यांचं नाव नसेल तर पुढे वाचूच नका. सीएईपी म्हणून राष्ट्रीय पातळीवरचं अ‍ॅक्रेडिटेशनही असतं, ते असलं तर उत्तमच, पण लायसन्स मिळवून देते ती राज्याची मान्यता. पूर्ण ऑनलाइन प्रोग्रॅम दुसऱ्या राज्यातला असेल तर हे दहादा तपासा. न्यू जर्सीत पर्याय कमी नाहीत, रटगर्स आहे, मॉन्टक्लेअर स्टेट आहे, टीसीएनजे (द कॉलेज ऑफ न्यू जर्सी) आहे. टीसीएनजे तर सुरूच झालं १८५५ मध्ये नॉर्मल स्कूल म्हणून, म्हणजे शिक्षक घडवण्यासाठीच.

आता खरी गोष्ट. सगळे जण अ‍ॅडमिशनच्या मागे असतात, मीही होते, पण प्लॅनिंग करायचं असतं ते स्टुडंट टीचिंगचं. शेवटचं सेमिस्टर तुम्ही रोज, पूर्ण वेळ, एका शाळेत असता. संध्याकाळी, वीकएंडला असं काही चालत नाही कारण शाळा दिवसा असते. बहुतेक ठिकाणी त्याचा पगारही मिळत नाही, उलट त्या क्रेडिट्सची फी तुम्ही भरता. इथे न्यू जर्सीत तर क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे हेच शाळेतलं शिकवणं, वर्षभराची असते, पहिल्या सेमिस्टरला आठवड्यातले काही दिवस आणि दुसऱ्याला पूर्ण वेळ. माझी शाळा साडेसातला भरायची, म्हणजे मी घरातून सहा चाळीसला बाहेर. माझा मुलगा तेव्हा पहिलीत होता, त्याची बस आठ वाजून दहा मिनिटांनी. हा दीड तास कोण बघणार हे मी अ‍ॅडमिशन घेताना ठरवलंच नव्हतं आणि ऐन वेळी इतकी पळापळ झाली की पहिले दोन आठवडे मी वर्गात उभी राहून घड्याळाकडे बघत होते. म्हणून सांगते, कागद घ्या, शेवटच्या सेमिस्टरचा एक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत लिहा, मुलीला कोण सोडणार, कोण आणणार, घरातला पैसा कुठून येणार, आणि तिथून मागे मागे येत कोर्स कधी, परीक्षा कधी, अर्ज कधी ते ठरवा. एम. ए. टी. का पोस्ट-बॅक हा निर्णय त्या कागदावरून होतो.

त्या दोघांतला फरक म्हणाल तर लायसन्सपुरते दोन्ही सारखेच, एम. ए. टी. मध्ये वर मास्टर्सची डिग्री मिळते, क्रेडिट्स जास्त, फी जास्त. पब्लिक स्कूलमध्ये पगाराची शिडी ठरलेली असते आणि मास्टर्स असलं की तुम्ही वेगळ्या, जास्त पगाराच्या कॉलमात जाता. तुमचं एम. एस्सी. इथल्या मास्टर्सच्या बरोबरीचं ठरलं तर काही डिस्ट्रिक्ट तेच धरतात. ते आधी इव्हॅल्युएशन (परदेशी डिग्रीची इथल्या हिशेबाने तपासणी) करून बघा, कदाचित दुसरं मास्टर्स करायची गरजच नाही.

लायसन्ससाठीची परीक्षा म्हणजे प्रॅक्सिस. पूर्वी इथे प्रवेशालाच प्रॅक्सिस कोअर लागायची, वाचन, लेखन, गणित अशी तीन भागांची, ती अट न्यू जर्सीने २०२५ पासून काढली. पण विषयाची प्रॅक्सिस आहेच, आणि केमिस्ट्रीसाठी केमिस्ट्री आणि जनरल सायन्स असे दोन पेपर. जनरल सायन्समध्ये बायॉलॉजी, अर्थ सायन्स सगळं येतं, तेव्हा ते हलक्यात घेऊ नका. प्रोग्रॅम सुरू व्हायच्या आधीच देऊन टाकलेत तर डोकं मोकळं राहील.

उच्चारांबद्दल सवडीने वेगळं लिहिते, ते महत्त्वाचं आहे.

कंदील

थोडं वेगळं मत मांडतो. केमिस्ट्रीत एम. एस्सी. आहे म्हटल्यावर एवढा मोठा प्रोग्रॅम कशाला? अल्टरनेट रूटने जा. ही पद्धत न्यू जर्सीनेच ऐंशीच्या दशकात देशात पहिल्यांदा सुरू केली. राज्याकडून सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी घ्यायचं, म्हणजे सीई, त्यासाठी डिग्री, जी. पी. ए., विषयाची क्रेडिट्स, प्रॅक्सिस, आणि ५० तासांचं सुरुवातीचं ट्रेनिंग. मग नोकरी शोधायची आणि नोकरी करता करता दोन वर्षं त्यांचे क्लास करायचे. पहिल्या दिवसापासून पूर्ण पगार आणि शाळेत एक मेंटॉर. माझ्या बायकोने फिजिक्ससाठी हेच केलं. सायन्सचे शिक्षक मिळत नाहीत म्हणून शाळा अशा लोकांना बोलावतात.

सातवी_ब

@कंदील, रस्ता खरा आहे आणि मी कुणाला अडवणार नाही. पण दुसरी बाजूही लिहा ना. सीई हातात असलं तरी नोकरी मिळेपर्यंत तुमच्याकडे फक्त पात्रता असते. प्रोग्रॅम पूर्ण केलेल्यांना मिळतं ते सीईएएस, म्हणजे त्याच्या वरच्या पायरीचं सर्टिफिकेट, आणि इंटरव्ह्यूला दोघं समोरासमोर आले की एकाने सोळा-सतरा आठवडे अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली उभं राहून शिकवलेलं असतं आणि दुसऱ्याने नाही. शिवाय पहिल्या दिवसापासून पाच वर्ग, शंभर-सव्वाशे मुलं, रोजचं प्लॅनिंग आणि संध्याकाळी स्वतःचा क्लास, हे करताना चांगली माणसं वर्षभरात सोडून गेलेली मी पाहिली आहेत. केमिस्ट्रीत तर लॅब आहे. अठ्ठावीस मुलं, गॅसचे बर्नर, आणि तुम्ही पहिल्यांदाच एकट्या.

कंदील

लॅबचा मुद्दा मान्य. बायको पण म्हणते की पहिलं वर्ष तिचं आयुष्यातलं सगळ्यात अवघड वर्ष होतं, रोज रात्री अकरापर्यंत दुसऱ्या दिवशीची तयारी. पण तिने केलं, आणि आम्हाला तेव्हा पगाराची गरज होती. ज्यांना वर्षभर बिनपगारी राहता येत नाही त्यांना हा रस्ता माहीत असावा इतकंच म्हणणं.

हातचा_एक

पाटीपेन्सिल ताई, तुमचा तो तिसऱ्यांदा रांगेत उभा राहिलेला मुलगा, तो तुमच्या अर्जातला पहिला परिच्छेद आहे बघा. खरंच सांगते.

मी आधी शाळेत पॅराप्रोफेशनल म्हणून लागले, म्हणजे वर्गात टीचरच्या मदतीला, आणि तीन वर्षांनी स्पेशल एज्युकेशनच्या प्रोग्रॅमला गेले. माझं सगळ्यांना हेच सांगणं असतं की अर्ज करायच्या आधी शाळेत पाय टाका, आणि व्हॉलंटिअर म्हणून वर्षातनं दोनदा जाणं वेगळं, रोज जाणं वेगळं. पॅराच्या जागा निघतच असतात, टायटल वन शाळांत (गरीब मुलांसाठी फेडरल निधी मिळणाऱ्या) त्यासाठी दोन वर्षांचं कॉलेज किंवा त्यांची परीक्षा लागते, तुमचं एम. एस्सी. आहे तर प्रश्नच नाही. नाहीतर सबस्टिट्यूट टीचर म्हणून नाव नोंदवा, न्यू जर्सीत त्याचं वेगळं सर्टिफिकेट मिळतं, बोटांचे ठसे आणि बॅकग्राउंड चेक तेव्हाच होऊन जातं. बरेच प्रोग्रॅम अर्जातच विचारतात की मुलांबरोबर किती तास काम केलंय. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मिडल स्कूल का हायस्कूल याचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळेल. आठवीच्या वर्गात सलग पाच दिवस घालवा आणि मग अकरावीच्या, कुठून घरी येताना तुम्ही बोलत येता आणि कुठून गप्प येता ते स्वतःलाच कळतं.

रेकमेंडेशनचा प्रश्नही तिथेच सुटतो. मुख्याध्यापक किंवा ज्या टीचरच्या वर्गात तुम्ही रोज असता त्यांचं पत्र चौदा वर्षांपूर्वीच्या सरांपेक्षा जास्त मोलाचं. एखादं पत्र प्राध्यापकांचंच हवं असेल तर जवळच्या कम्युनिटी कॉलेजात एखादा कोर्स घ्या, चाइल्ड डेव्हलपमेंट किंवा एज्युकेशनल सायकॉलॉजी, तो पुढे लागूही पडतो बहुतेक वेळा (आधी विचारून घ्या). आणि फॉर्मवर एक खूण असते की मी हे पत्र वाचायचा हक्क सोडते, ती करा. न केलेली असली की वाचणाऱ्याला पत्र मोकळेपणाने लिहिलंय असं वाटत नाही.

आता निबंधाचं. माझा पहिला मसुदा "मला लहानपणापासून शिकवण्याची आवड आहे" असा सुरू व्हायचा. मी ज्यांच्या हाताखाली काम करायचे त्या बाईंनी वाचला आणि शांतपणे म्हणाल्या, यात तू आहेस पण एकही मूल नाहीये. मी ते पान बाजूला ठेवलं आणि मग तिसरीतल्या एका मुलाबद्दल लिहिलं. ४०२ वजा १७८ असं गणित होतं. त्याने उत्तर लिहिलं ३७६. दुसऱ्या दिवशी परत तसंच, आकडे वेगळे. सगळे म्हणत होते त्याला वजाबाकी येत नाही. मी त्याच्या शेजारी बसून विचारलं की हे कसं केलंस ते मला सांग, तर म्हणाला, मोठ्यातून लहान काढायचं असतं. म्हणजे आठातून दोन, सातातून शून्य, चारातून एक. त्याचा नियम पक्का होता, प्रत्येक घरात तो तोच लावत होता. त्याला हातचा घेणं (इथे रीग्रुपिंग म्हणतात) कुणी दाखवलं नव्हतं असं नाही, पण मधे शून्य आलं की कुणाकडून घ्यायचं हे त्याला दिसतच नव्हतं. मग आम्ही लाकडी ठोकळे घेतले, शंभराची एक चौकट मोडून दहाच्या दहा कांड्या केल्या, त्यातली एक मोडून दहा सुटे. त्याने ते सुटे स्वतःच्या हाताने मोजले, बारा झाले. मग पेन्सिल घेऊन चार खोडून तीन केलं, शून्यावर नऊ लिहिलं, आणि माझ्याकडे न बघता २२४ लिहून मोकळा झाला.

एवढंच लिहिलं मी. आणि शेवटी इतकंच की चूक दिसली की आधी त्या चुकीमागचा नियम शोधायचा हे मी त्याच्याकडून शिकले आणि ते नीट करता यावं म्हणून मला हा प्रोग्रॅम करायचाय. इंटरव्ह्यूत त्यांनी वीस मिनिटांतली दहा मिनिटं त्या मुलाबद्दलच विचारलं.

ओसरी

पैशाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितेय. ग्रीन कार्ड असल्यामुळे तुम्ही फाफ्सा (सरकारी आर्थिक मदतीचा फॉर्म) भरू शकता, तो भराच, मास्टर्ससाठी पण. त्यातून टीच ग्रँट नावाची गोष्ट समोर येईल, वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत, ग्रॅज्युएट लेव्हलला एकूण ८,००० पर्यंत. सायन्स हा गरजेचा विषय धरला जातो म्हणजे तुम्हाला लागू होऊ शकते. पण तिची अट नीट वाचा. शिक्षण संपल्यावर आठ वर्षांत चार वर्षं लो-इन्कम शाळेत, तोच गरजेचा विषय, पूर्ण वेळ शिकवायचं. नाही जमलं तर ती सगळी रक्कम लोन होते आणि व्याज लागतं ते पैसे घेतल्या दिवसापासूनचं.

माझ्या बाबतीत तेच झालं. मी घेतली, दोन वर्षं शिकवलं, मग आम्ही घर बदललं आणि नवी शाळा त्या लो-इन्कम यादीत नव्हती. मी यादी बघितलीच नव्हती, शाळा साधी होती, मला वाटलं असेलच. ती यादी फेडरल शिक्षण खात्याची असते आणि दरवर्षीची वेगळी. पुढची नोकरी दूरची मिळाली ती मुलांच्या वेळेत बसेना, आणि एक दिवस पत्र आलं की आता हे लोन आहे. खूप रडले होते त्या दिवशी. त्यामुळे ग्रँट घेताना हे लोनच आहे असं समजून घ्या, आणि चार वर्षं खरोखर अशा शाळेत शिकवायचं मनात असेल तरच. तुमची टेक्ससची शक्यता आहे ना, मग नक्कीच विचार करा, अर्थात अशा शाळा तिकडेही आहेतच.

दुसरी योजना टीचर लोन फर्गिव्हनेस. त्यात आधी लोन, मग लो-इन्कम शाळेत सलग पाच वर्षं पूर्ण वेळ, हायस्कूलचं गणित-सायन्स किंवा स्पेशल एज्युकेशन असेल तर १७,५०० डॉलरपर्यंत माफ, बाकीच्यांना ५,०००. इथे निदान नंतर अचानक लोन गळ्यात पडत नाही.

दोन_पिल्लं

थोडं अवांतर, पण कुणाची मुलं इथे हायस्कूलला असतील आणि टीचर व्हायचं म्हणत असतील तर. कॉलेजात अ‍ॅडमिशन मिळणं आणि त्या कॉलेजच्या टीचर प्रोग्रॅममध्ये घेतलं जाणं या बऱ्याच ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी असतात. माझी मुलगी पहिल्या वर्षी निवांत होती, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कळलं की आता वेगळा अर्ज, जी. पी. ए. तीनच्या वर, ठरावीक कोर्समध्ये किमान बी, आणि शाळेतले ऑब्झर्व्हेशनचे तास सही-शिक्क्यासह. तास कमी पडले म्हणून एक सेमिस्टर मागे गेली. पहिल्याच महिन्यात अ‍ॅडव्हायझरला भेटून चार वर्षांचा तक्ता लिहून घ्या.

पाटीपेन्सिल

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, डोळे भरून आले वाचताना. हातचा_एक, ते ३७६ मी कागदावर करून बघितलं आणि मग कळलं की तो मुलगा किती बरोबर चुकत होता.

मार्कशीटचं कुणी सांगेल का? आणि सातवी_ब, तुम्ही उच्चारांबद्दल लिहिणार होतात.

ओसरी

मार्कशीटचं मी सांगते. वेस (परदेशी मार्कशीट तपासणारी संस्था) किंवा नेसेसची (अशा संस्थांची संघटना) सदस्य असलेली कुठलीही संस्था, त्यांच्याकडून इव्हॅल्युएशन करून घ्यायचं आणि ते कोर्स-बाय-कोर्सच घ्यायचं, साधं डॉक्युमेंटवालं स्वस्त असतं पण त्यात जी. पी. ए. आणि विषयवार क्रेडिट्स येत नाहीत आणि तुम्हाला तीच हवीत, कारण केमिस्ट्री शिकवायला केमिस्ट्रीची ३० क्रेडिट्स आहेत का ते राज्य बघतं. पर्सेंटेजला घाबरू नका, आपले साठ टक्के म्हणजे इथले साठ टक्के असं धरत नाहीत, युनिव्हर्सिटीच्या श्रेणीप्रमाणे बदलून देतात. बी. एस्सी. आणि एम. एस्सी. दोन्हीचं करा.

आणि आजच सुरू करा. माझ्या युनिव्हर्सिटीने कागद पाठवले ते पाकिटाच्या तोंडावर शिक्का न मारता, ते इथून नाकारले गेले, मग भावाने तिकडे चार चकरा मारल्या, एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, शेवटी एका म्हाताऱ्या क्लार्कने स्वतः उठून लाखेचा शिक्का मारून दिला. साडेचार महिने गेले यात आणि माझी त्या वर्षीची अर्जाची तारीख चुकली. अर्ज बहुतेक हिवाळ्यात असतात, डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे कागद उन्हाळ्यातच मागवायला हवेत. लग्नानंतर नाव बदललं असेल तर मॅरेज सर्टिफिकेट जोडायला विसरू नका.

सातवी_ब

हो, लिहिते. माझ्या वेळी न्यू जर्सीत एडटीपीए होतं, म्हणजे स्वतःच्या शिकवण्याचा व्हिडिओ काढून, त्यावर पानंच्या पानं लिहून पाठवायचं. २०२२ मध्ये राज्याने ती सक्ती काढली, आता प्रोग्रॅम आपापल्या पद्धतीने मूल्यमापन करतात. पण तो व्हिडिओ माझ्यासाठी फार मोलाचा ठरला. मलाही तुमच्यासारखीच भीती होती. शब्दांवर जोर चुकतो, व्ही आणि डब्ल्यू एकच होतो, हेच सगळं बघायचं म्हणून मी व्हिडिओ लावला. उच्चार ठीक होते. दिसलं काही वेगळंच. मी प्रश्न विचारत होते आणि मुलांनी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देत होते. सतरा मिनिटांत अकरा वेळा. मागच्या बाकावरची एक मुलगी हात अर्धा वर नेऊन परत खाली घेताना दिसली, दोनदा. वर्गात मला ती दिसलीच नव्हती.

माझ्या सुपरव्हायझरने तेव्हा मेरी बड रो यांचं संशोधन वाचायला दिलं. त्यांनी सायन्सच्या वर्गांतल्या टेप ऐकून मोजलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की मुलांची उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात. मी मनात एक दोन तीन मोजायला लागले. सुरुवातीला ते तीन सेकंद इतके लांब वाटतात की घाम फुटतो. पण तुमच्या सायन्स नाइटला तुम्ही ड्रॉपर हातात देऊन गप्प राहिलात ना, तेच आहे ते. तुम्हाला ते आधीच येतंय.

उच्चारांचं म्हणाल तर महत्त्वाचा शब्द बोलताना फळ्यावर लिहायचा, सावकाश बोलायचं, आणि पहिल्याच दिवशी मुलांना सांगायचं की माझा शब्द कळला नाही तर हात वर करा, मी परत सांगेन. माझ्या वर्गात सहा घरच्या भाषा आहेत. इंग्रजी नुकती शिकणाऱ्या मुलांना फळ्यावर लिहिलेल्या शब्दाचा सगळ्यात जास्त उपयोग होतो, आणि मागच्या वर्षी अशाच एका मुलाच्या आईने मला हात धरून सांगितलं की तो घरी म्हणतो, या टीचरचं मला कळतं.

इंटरव्ह्यूत कदाचित पाच-दहा मिनिटं शिकवून दाखवायला सांगतील. कोबीचा रस घेऊन जा.

पाटीपेन्सिल

ठरलं. काल रात्री जेवण झाल्यावर आम्ही तिघं कागद घेऊन बसलो, शेवटच्या सेमिस्टरचा एक दिवस लिहिला. सकाळच्या सव्वा तासाचं काही जमेना, तर मुलगीच म्हणाली की शाळेत बिफोर-केअर (शाळा भरण्याआधी मुलांना सांभाळतात ते) आहे, माझ्या दोन मैत्रिणी जातात, मी पण जाईन. नवऱ्याने टेक्ससबद्दल ऑफिसात या महिन्यात स्पष्ट विचारायचं कबूल केलंय, ते कळेपर्यंत टीच ग्रँटला हात लावणार नाही. अल्टरनेट रूट आमच्या परिस्थितीत नको वाटतोय, पगाराशिवाय एक वर्ष निघू शकतं आमचं आणि लॅबमध्ये मला आधी कुणाच्या तरी शेजारी उभं राहायचंय, पण कंदील, तुमच्यामुळे तो पर्याय नीट समजला, त्याबद्दल आभार.

वेसचा फॉर्म उघडलाय, वहिनीला युनिव्हर्सिटीत पाठवतेय, पाकिटाच्या तोंडावर शिक्का बघूनच घे असं तिला दोनदा सांगितलंय. आणि आज सकाळी डिस्ट्रिक्टच्या साइटवर पॅराची एक जागा दिसली, मिडल स्कूल, सायन्सचा वर्ग. सोमवारपर्यंत अर्ज घेतायत. रेझ्युमेत ज्युनिअर कॉलेजचं ते दीड वर्ष वर लिहू का खाली?

हातचा_एक

वर. आणि त्याखाली सायन्स नाइट.